पुरेसा ताबा

फोन वाजला तेव्हा रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलाची वाट बघता बघता बाहेरच्या सोफ्यावरच माझा डोळा लागला होता. पलीकडे पोलीस स्टेशनमधला अधिकारी. मुलगा सुखरूप आहे, हे त्याने सगळ्यात आधी सांगितलं, त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. पुढचं मला नीट कळलंच नाही. ‘कर्फ्यू’ हा शब्द कळला, आणि येऊन घेऊन जा, एवढं कळलं.

जुलै २०२५ मधला मंगळवार. आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. नवरा सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेला. घरात मी आणि नऊ वर्षांची धाकटी. तिला एकटीला मागे ठेवून जायचं धाडस होईना, म्हणून उठवलं आणि नाइटसूटवरच गाडीत बसवलं. वाटेत नवऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळचे पावणेअकरा वाजून गेले होते. त्याच्याकडे स्पीकर चालू असावा, कारण मी कर्फ्यू म्हणताच सासूबाईंचा आवाज आला, “अगं बाई, दंगल झाली का तिकडे?”

त्यांना तसंच वाटणार. आपल्याकडे कर्फ्यू म्हणजे संचारबंदी. ९२-९३ची मुंबई आठवते, नाहीतर कोविड आठवतो. इथे मात्र गावात काहीही झालेलं नसताना, वर्षाचे बाराही महिने, एका ठरावीक वयाखालच्या मुलांना रात्री एका वेळेनंतर बाहेर फिरायची मनाई असते. इथे येऊन मला अठरा वर्षं झाली. असा काहीतरी नियम आहे हे कानावर होतं, पण तो कधी उघडून वाचावा असं वाटलं नव्हतं.

घडलं होतं ते इतकंच. माझा मुलगा सोळा वर्षांचा. तो आणि त्याचे दोन मित्र पार्कमध्ये बास्केटबॉल खेळत होते. दहाला पार्कचे दिवे बंद झाले. मग तिघं सायकली घेऊन जवळच्या पेट्रोल पंपावर गेले, थंड काहीतरी घेतलं आणि तिथल्याच कट्ट्यावर गप्पा मारत बसले. दहा चाळीसला मुलाचा मेसेज आला होता, थोडा उशीर होईल, चालेल ना? मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. नुसता अंगठा. किती उशीर, कुठे आहात, बरोबर कोण आहे, काही विचारलं नाही. दिवसभराच्या कामाने मी गळून गेले होते आणि मुलगा शहाणा आहे, एवढा माझा हिशेब होता. अकरा चाळीसला पोलिसांची गाडी पंपावर आली.

पोलीस स्टेशनच्या बाहेरच्या खोलीत पांढऱ्याफटक उजेडात एक लांब बाक होता. मुलगा तिथे हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून उठला नाही. धाकटी जाऊन त्याला चिकटून बसली आणि त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. तिच्या पायात उलटसुलट घातलेल्या स्लीपर होत्या. आजही ती रात्र म्हटली की मला पोलीस आठवत नाहीत, त्या स्लीपर आठवतात.

तिघांपैकी एकजण आधीच घरी गेला होता. त्याला दोन महिन्यांपूर्वी सतरा पूर्ण झाली होती. इलिनॉयच्या राज्य कायद्यात कर्फ्यू सतरा वर्षांखालच्या मुलांना आहे आणि आमच्या गावाचा नियम त्याचीच नक्कल आहे. तोच कट्टा, तीच वेळ, तेच शीतपेय. पण त्याला ‘घरी जा’ म्हणून सोडलं आणि या दोघांना गाडीत घातलं. रविवार ते गुरुवार रात्री अकरा ते सकाळी सहा बाहेर राहायचं नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत पुढे जाते. म्हणजे हेच जर शुक्रवारी घडलं असतं, तर अकरा चाळीसला त्यांना कुणी हात लावला नसता.

अधिकाऱ्याने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक मुलाचं तिकीट, म्हणजे नियम मोडल्याची दंडाची नोटीस. दुसऱ्यावर माझं नाव होतं.

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. मला वाटलं, त्याला घेऊन जाण्यासाठी सही हवी असेल. तर ते माझं स्वतःचं तिकीट होतं. पालकाने मुलाला जाणूनबुजून परवानगी दिली, किंवा पुरेसा ताबा न ठेवल्यामुळे हे घडू दिलं, असा त्यावरचा आरोप. मी ते वाक्य उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं होतं, कारण माझा ताबा कमी पडला होता. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द येतो, हे मला त्या क्षणी फार लागलं.

तेवढ्यात दुसऱ्या मुलाची आई आली. ती एका गोदामात रात्रपाळी करते. अंगात तो चमकदार पट्ट्यांचा पिवळा जाकीट तसाच. शिफ्ट अर्धी टाकून आली होती, उरलेल्या तासांचे पैसे गेले. तिच्या घरी दुसरं मोठं माणूस नाही. तिलाही तेच दोन कागद मिळाले, शब्दही तेच. ती रडली नाही, भांडलीही नाही. मुलाच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं, दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळलं, आणि मग सही केली.

पुढचे तीन दिवस घरात मुकेपणा होता. मग शनिवारी मुलगा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि कायदा छापून घेऊन ओळीन् ओळ वाचला. ज्यांची मुलं इथे दहावी-अकरावीत आहेत त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवावं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सवलती बऱ्याच आहेत. बरोबर आई-वडील किंवा पालक असतील तर चालतं. पालकांनी सांगितलेल्या कामासाठी बाहेर पडला असेल आणि वाट वाकडी केली नसेल तर चालतं. नोकरीवर जाताना-येताना चालतं, तिथेही वाटेत कुठे थांबायचं नाही. आणीबाणी असेल तर चालतं. आपल्या घरासमोरच्या फुटपाथवर चालतं. शाळेच्या, धार्मिक संस्थेच्या किंवा मोठ्यांच्या देखरेखीखालच्या ठरावीक कार्यक्रमांना जाता-येता चालतं. सभा, प्रार्थना, मतप्रदर्शन हे घटनेने दिलेले हक्क बजावत असेल तरी चालतं. आणि तिकीट देण्याआधी पोलिसाने मुलाचं वय आणि बाहेर असण्याचं कारण विचारलंच पाहिजे. आमच्या मुलाला विचारलं होतं. त्याने खरं ते सांगितलं, की काही नाही, बसलोय. ‘मित्रांबरोबर बसणं’ ही सवलत यादीत नाही.

घटनेतल्या हक्कांच्या सवलतीमागे मोठी लढाई आहे. शेजारच्या इंडियानात १९९९ च्या ऑगस्टमध्ये शाळेची फुटबॉल मॅच बघून, हॉटेलात खाऊन बाहेर पडलेल्या मुलांना अकरानंतर पकडलं होतं. त्यांतल्या एकाच्या आईने त्या कायद्याविरुद्ध खटला लढवला. २००४ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे या भागातल्या राज्यांसाठीच्या केंद्रीय, अपील न्यायालयाने इंडियानाचा तो कायदा रद्द ठरवला. मुलगा सभेहून किंवा प्रार्थनेहून येत असला तरी आधी अटक आणि मग सफाई, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. इलिनॉयही त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतं. त्या आईबद्दल वाचताना मला बळ आलं, पण आमची केस तशी नव्हती हेही कळलं.

गाडीचा नियम निराळाच निघाला. इलिनॉयमध्ये अठराच्या आतल्या ड्रायव्हरने आठवड्यातल्या दिवशी रात्री दहानंतर आणि शुक्रवार-शनिवारी अकरानंतर गाडी चालवायची नसते. म्हणजे तो सतरा वर्षांचा मित्र कट्ट्यावर कितीही वेळ बसू शकतो, पण स्वतः गाडी चालवत घरी येऊ शकत नाही. शिकागो शहरात आणखी वेगळं. तिथे २०२२ मध्ये कर्फ्यू रोज रात्री दहाचा केला आणि सतरा वर्षांच्या मुलांनाही त्यात ओढलं. आमच्या प्रकरणाच्या महिनाभर आधीच, जून २०२५ मध्ये, शहराच्या कौन्सिलने अर्ध्या तासाच्या सूचनेवर कुठेही कर्फ्यू लावायची मुभा देणारा ठराव २७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केला होता आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. बातमी मी वाचली होती. पान उलटून पुढे गेले होते.

पण माझी खरी अडचण सवलतींमध्ये नव्हती. ती माझ्या तिकिटावरच्या त्या ‘किंवा’मध्ये होती. मी जर म्हटलं की मुलगा बाहेर आहे हे मला माहीत होतं, तर मी जाणूनबुजून परवानगी दिली. मी जर म्हटलं की माहीत नव्हतं, तर माझा ताबा पुरेसा नव्हता. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात. आणि माझ्या फोनमध्ये तो अंगठा होता, दहा चाळीसचा. कर्फ्यू सुरू व्हायला तेव्हा वीस मिनिटं बाकी होती. मी परवानगी दिली होती का? मलाच सांगता येईना. नवऱ्याचं म्हणणं, मेसेजबद्दल कुणी विचारलंच नाही तर आपण होऊन बोलू नकोस. मुलगा समोर बसून ऐकत होता. त्याच्यासमोर मला ते जमलं नसतं.

दुसरी धास्ती कागदपत्रांची. आमची ग्रीन कार्डं आहेत आणि नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ जवळ आली आहे. त्या एन-४०० अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं, की तुम्हाला कधी अटक झाली आहे का, ताब्यात घेतलं आहे का, सायटेशन, म्हणजे असं तिकीट, दिलं आहे का. मुलगा इथेच जन्मला, त्याची काळजी नव्हती. माझ्या नावाच्या तिकिटाची होती. इमिग्रेशनच्या वकीलबाईंनी समजावलं की यातून आभाळ कोसळणार नाही, पण लपवायचं नाही. निकालाची शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. त्या एका सल्ल्याची फी माझ्या पुढच्या दंडापेक्षा जास्त होती. व्हिसा किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या मराठी आई-वडिलांनी ही एवढी गोष्ट तरी लक्षात ठेवा. तिकीट छोटं आहे म्हणून पैसे भरून कागद फेकून देऊ नका.

मुलासाठी स्टेशनातल्या बाल-अधिकाऱ्याने दुसरा मार्ग सुचवला. इथे बऱ्याच गावांत ‘पीअर ज्युरी’ असते. हायस्कूलची मुलंच ज्युरी म्हणून बसतात. त्यांच्यापुढे चूक कबूल करायची, ते समाजसेवेचे तास ठरवतात, ते पूर्ण केले की तिकीट पुढे जात नाही. आम्ही लगेच होकार दिला. एका संध्याकाळी सात मुलं-मुली टेबलामागे बसली होती आणि माझा मुलगा समोर खुर्चीवर. त्याच्याच शाळेतल्या एका मुलीने त्याला विचारलं, फोन आल्यापासून तुला बघेपर्यंत तुझ्या आईच्या मनात काय काय आलं असेल, असं तुला वाटतं? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मी तिला विचारलंच नाही. पंधरा तास मिळाले, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं लावायचे. घरी येताना गाडीत त्याने विचारलं, “आई, काय आलं होतं मनात?” मी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं सांगितलं.

पालकांना मात्र अशी ज्युरी नसते. माझी सुनावणी ऑगस्टच्या अखेरीस होती, गावच्या व्हिलेज हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. हे कोर्ट नव्हे, ही गावाची स्वतःची सुनावणी. अधिकारी म्हणून एक वकील बसतात. फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, पारडं जरा जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. पुराव्याचे काटेकोर नियम लागू नसतात, पोलिसांचा लेखी अहवाल वाचला की झालं. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. निकाल पटला नाही तर ३५ दिवसांच्या आत सर्किट कोर्टात, म्हणजे राज्याच्या नेहमीच्या कोर्टात, दाद मागता येते, पण त्याचा खर्च आपला.

आमच्याआधी वाढलेलं गवत न कापल्याच्या, कुंपण जास्त उंच बांधल्याच्या केसेस झाल्या. मग त्या गोदामातल्या बाईंचं नाव पुकारलं. त्या म्हणाल्या, मी कामावर होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग मुलाकडे कोण बघत होतं? त्या म्हणाल्या, कुणी नाही, तो सोळा वर्षांचा आहे. एवढंच बोलणं. दोन मिनिटं लागली नसतील. ताबा अपुरा ठरला. ७५ डॉलर दंड, ४० डॉलर सुनावणीचा खर्च. कायद्यात दंड १० ते ५०० डॉलर आहे, तेव्हा त्यांनी कमीच लावला म्हणायचा. बाईंनी विचारलं, थोडे थोडे भरले तर चालतील का? चालेल म्हणाले, साठ दिवस देतो. या सुनावणीसाठीही त्या शिफ्ट बुडवून आल्या होत्या.

माझी पाळी आली तेव्हा मी फोन काढून तो मेसेज वाचून दाखवला. मी म्हटलं, माझी चूक झाली ती उशिरा येऊ दिल्याची नाही. पुढे काही विचारलं नाही, ही माझी चूक. पण मुलगा कुठल्या गैर ठिकाणी नव्हता, उजेडात होता, सायकलला दिवा होता, पोलिसांशी नीट बोलला. त्याला घरी आणून सोडलं असतं आणि माझ्याशी दारात दोन शब्द बोलले असते, तर मला तेवढीच शरम वाटली असती आणि तेवढंच शहाणपण आलं असतं. अधिकाऱ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही प्रामाणिकपणे बोललात, पण नियम जसा लिहिला आहे तसा तो लागू होतो. ७५ आणि ४०. मी तिथेच कार्डाने भरले.

तोच आकडा माझ्या कार्डावरून सेकंदात गेला आणि त्या बाईंना साठ दिवस पुरवायचा होता. पालकांना जबाबदार धरा, हे तत्त्व मला मान्य आहे. आम्ही लहान होतो तेव्हा ‘दिवेलागणीच्या आत घरी’ हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण मोडायची प्राज्ञा नव्हती. तो पाळला जायचा कारण गल्लीत कुणी ना कुणी मोठं माणूस ओट्यावर बसलेलं असायचं. आई कामावर असली तरी शेजारच्या काकू होत्याच. ‘पुरेसा ताबा’ एकट्या आईचा कधीच नव्हता. या कायद्यात मात्र तो एकटीचा आहे, आणि ती कामावर असेल तर कामावर असणं हाच पुरावा.

एवढं करून उपयोग होतो का, हेही मी शोधलं. अमेरिकेत असे कर्फ्यू नवे नाहीत, ओमाहा या शहरात १८८० साली पहिला लागला. २०१६ मध्ये कॅम्पबेल या संशोधन संस्थेने बारा अभ्यास एकत्र तपासले. कर्फ्यूमुळे गुन्हे कमी होतात किंवा मुलांवरचे हल्ले कमी होतात, असं त्यांना आढळलं नाही. टेक्सासने तर २०२३ मध्ये कायदा करून राज्यातल्या सगळ्या गावांचे असे कर्फ्यू बंद केले. हे सगळं मी छापून आमच्या गावच्या बोर्डाच्या बैठकीत नेलं. नागरिकांना तीन मिनिटं मिळतात. मी मागितलं ते एवढंच, की पहिल्या वेळी मुलाला घरी आणून सोडा, पालकाला तिकीट देऊ नका, आणि उन्हाळ्यात पार्कमधले दिवे दहाऐवजी अकराला बंद करा. त्यांनी लिहून घेतलं. अजून काही झालेलं नाही. मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

सुनावणीनंतर आम्ही दोघी आया पार्किंगमध्ये बराच वेळ उभ्या होतो. आधी मुलांबद्दल बोललो, मग तिच्या शिफ्टच्या वेळांबद्दल. त्यानंतर तिचा मुलगा शाळेच्या रात्री आमच्याकडेच असतो. दोघं तळघरात अभ्यास करतात, म्हणजे थोडा अभ्यास आणि बराच दंगा. साडेदहाला तिची दहा मिनिटांची सुट्टी असते. तेव्हा तिचा फोन येतो. मागे मशीन चालल्याचा आवाज असतो, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागतं. मी जिन्यावरून खाली वाकून बघते. दोन डोकी दिसतात. मग मी तिला सांगते, आहे, इथेच आहे, जेवलाय.